आजोबांचा रेझर आणि सलूनची खुर्ची

मागच्या रविवारी घरातली जुनी पेटी आवरताना आजोबांचा रेझर सापडला. पितळी, तीन भागांचा, हिरवट डाग पडलेला. चिंचेनं घासून लख्ख केला, नवं दुधारी ब्लेड घातलं आणि मोठ्या हौसेनं गालावर ओढला. तीन ठिकाणी कापलं!

बाबा ओसरीवरून बघत होते. म्हणाले, "दाबू नको बाबू. त्याचं वजनच पुरे हाय."

मग पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बापानं चाळिशीतल्या पोराला दाढी शिकवली. आधी कोमट पाण्यानं चेहरा भिजू द्यायचा. साबणाचा फेस घट्ट करायचा. रेझर तिरपा धरायचा, साधारण 30 अंशात. छोटे छोटे हात मारायचे, केस ज्या दिशेनं वाढतात त्याच दिशेनं. हनुवटीखाली कातडी ताणून धरायची. शेवटी तुरटी.

चौथ्या दिवशी जमलं. तेव्हा सहज विचारलं, "बाबा, आजोबा तर शेतमजूर. घरात चहाला साखर नसायची, मग पुसदच्या बाजारातून हा रेझर कशाला आणला?"

बाबा म्हणाले, "मंग काय करतील? गावात आपल्याले खुर्चीवर कोण बसू देत होतं?"

गावाचं नाव लिहीत नाही. असं एकच गाव नव्हतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की, साताऱ्यात त्यांच्या लहानपणी भावंडांचे केस मोठी बहीणच कापायची. साताऱ्यात न्हावी होते, द्यायला पैसेही होते. पण अस्पृश्यांच्या डोक्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं.

आता दोष एकट्या न्हाव्याला देऊन मोकळं होता येणार नाही. तो बलुतेदार, गावाच्या धान्यावर जगणारा. गावकीच्या विरोधात गेला तर त्याचंच बलुतं बंद. आणि याच समाजानं 1890 साली मुंबईत, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं, विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं होतं. वस्तरा तोच, कुणाला नकार द्यायचा, यात सगळा फरक.

तिकडे अमेरिकेत किंग जिलेट नावाच्या फिरत्या विक्रेत्यानं बदलता येणाऱ्या पातळ ब्लेडचा रेझर काढला. 1903 मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, खपले फक्त 51 रेझर. पहिल्या महायुद्धात मात्र अमेरिकी सैन्यासाठी सुमारे 35 लाख रेझर घेतले गेले. त्याच्या डोक्यात धंदा होता, समता नव्हती. पण वस्तऱ्याला सराईत हात लागतो, रोज चामड्याच्या पट्ट्यावर धार लावावी लागते. सेफ्टी रेझरला यातलं काहीच लागत नाही. आरसा, पाणी आणि थोडा धीर असला की माणूस आपली दाढी आपण करतो. कुणाची परवानगी नको.

आमच्या आजोबांसाठी ही फॅशन नव्हती.

पण रेझरनं दाढी झाली, खुर्ची नाही मिळाली. ती कायद्यानं मागावी लागली. संविधान सभेत 29 नोव्हेंबर 1948 ला दुकानांत सर्वांना प्रवेश असावा यावर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी दुकान या शब्दाचा अर्थ व्यापक असल्याचं सांगितलं: सेवा देणारा प्रत्येक जण त्यात आला, न्हावीसुद्धा. पुढे 1955 च्या कायद्यानं अस्पृश्यता पाळून सेवा नाकारणं गुन्हा ठरलं. तरी आमच्या आजोबांनी शेवटपर्यंत घरीच दाढी केली. सवय म्हणा, नाहीतर मान.

आज महागावात मी कुठल्याही सलूनमध्ये जाऊन बसतो. दाढी करणारा मित्रच आहे. बातम्या आधी त्याला कळतात, मग मला. ही खुर्ची मला फुकटात मिळाल्यासारखी वाटायची. आता वाटत नाही.

तुमच्याही घरी असा एखादा रेझर पडला असेल. भंगारात घालू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, हा कशासाठी आणला होता? जे सांगतील ते खाली लिहा.