शकुंतलेचा मालक कोण?

१/ मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरकडे जातो, दुसरा यवतमाळकडे. अडीच फुटी रुळांचा, सुमारे १९० किलोमीटरचा हा मार्ग म्हणजे वऱ्हाडाची ‘शकुंतला’. ‘या गाडीचे पैसे अजूनही इंग्रजांना जातात’ हे वाक्य समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. वस्तुस्थिती निराळी आहे आणि अधिक बोधप्रदही.

२/ १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. पुढे अमेरिकन यादवीत (१८६१–६५) तिकडचा कापूस आटला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर स्थिरावली. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे नागपूरला पोहोचली. मात्र मुख्य मार्गापासून दूरच्या दारव्हा, यवतमाळ, अंजनगाव भागातील कापसाला बैलगाडीचाच आधार राहिला.

३/ आरंभीच्या रेल्वे कंपन्यांना सरकारने भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी दिली होती. त्याचा भार अखेर रयतेवरच पडला. शाखामार्गांसाठी म्हणून वेगळी वाट निघाली. मुंबईतील किलिक निक्सन या पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापिली. मार्ग कंपनीचा, गाड्या जीआयपी चालवणार आणि उत्पन्नाचा ठरलेला वाटा कंपनीला, असा हा करार.

४/ १९५१ मध्ये मध्य रेल्वे अस्तित्वात आली व तिने जीआयपीची जागा घेतली. करार मात्र टिकला. मालकी कंपनीकडेच राहिली. दरम्यान किलिक निक्सन भारतीय मालकीची झाली होती. तेव्हा प्रश्न लंडनचा नव्हता, मुंबईचा होता.

५/ खरे दुखणे कराराच्या रचनेत होते. ज्याची मालकी, तो गाडी चालवत नव्हता. जो चालवत होता, त्याची मालकी नव्हती. मग रूळ कोणी बदलायचे? मँचेस्टरमध्ये घडलेले १९२१ चे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत राहिले, त्यानंतर डिझेल आले. मार्ग जीर्ण होत गेला, वेग मंदावला. झळ बसली ती स्वस्त तिकिटावर बाजारहाट करणाऱ्या गावकऱ्यांना.

६/ २० सप्टेंबर २०२४ रोजी अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. शंभर वर्षांपूर्वी येथून कापसाच्या गाठी बाहेर जात. आता कापड येथेच व्हावे, ही अपेक्षा आहे. खासगी भांडवल पुन्हा येईल, करारही होतील. नफ्याचा वाटा त्यांत लिहिलेला असेलच. दुरुस्तीची जबाबदारी कोणाची, ते कलम आधी वाचावे, एवढे शकुंतलेने शिकवले आहे.