बचनागाचा थेंब आणि हृदयाची लय

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांची लय पार बिघडणं, या आजारात आजकाल ‘अ‍ॅब्लेशन’ सुचवलं जातं. ते ऐकलं की रुग्ण हमखास विचारतात, ‘हृदयातली जागा जाळायची हे सुचलं तरी कोणाला?’ उत्तर एका विषापाशी जातं, आणि ते विष तुमच्या ओळखीचं आहे: बचनाग.

हिमालयात उगवणाऱ्या या झाडाचं मूळ फार विषारी. आयुर्वेदात त्याला वत्सनाभ म्हणतात. (आपल्याकडे काही भागांत कळलावीलाही बचनाग म्हणतात. ते झाड वेगळं, त्याचं विषही वेगळं.) त्यातलं मुख्य विष, अ‍ॅकोनिटिन, 1833 च्या सुमारास जर्मनीत वेगळं केलं गेलं. मुळात ते मज्जातंतूंचं विष. मज्जातंतू असो वा हृदयाचा स्नायू, पेशीच्या भिंतीत सोडियम आत येण्यासाठी बारीक दारं असतात. दार क्षणभर उघडतं, विजेची लहर पुढे जाते, दार मिटतं. अ‍ॅकोनिटिन या दारात जणू पाचर मारून बसतं. दार नीट मिटतच नाही, आणि पेशी कोणी न सांगता पुन्हा पुन्हा ठिणग्या टाकत राहते. जिभेवर त्याने मुंग्या येतात. हृदयात काय होत असेल, ते तुम्हीच ताडा.

आता प्रयोगशाळेकडे वळू. 1920 च्या सुमारास लंडनचे सर थॉमस लुईस यांनी मांडलं होतं, की वरच्या कप्प्यांची वेगवान धडधड म्हणजे गोल गोल फिरणारी विजेची लहर. त्यांचा दबदबा असा, की बराच काळ हेच बहुतेकांनी मानलं. डेव्हिड शेर्फ हे मूळचे व्हिएन्नाचे डॉक्टर, पुढे न्यूयॉर्कला गेलेले. त्यांना हे पटत नव्हतं. 1947 साली त्यांनी कुत्र्याच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यावर एकाच ठिकाणी अ‍ॅकोनिटिन वापरलं. लगेच धडधड सुरू झाली. मग त्यांनी फक्त ती जागा थंड केली. धडधड थांबली. जागा पुन्हा ऊबदार झाली, तशी धडधड परतली. एवढा साधा प्रयोग, पण मला तो आजही फार आवडतो. एका लहानशा जागेतून अख्खा कप्पा बिघडू शकतो, हे त्याने डोळ्यांसमोर आणलं.

वाद मात्र मिटला नाही. 1959 मध्ये गॉर्डन मो आणि अ‍ॅबिल्डस्कोव्ह यांनी कप्प्याच्या टोकाला असलेल्या पिशवीवर अ‍ॅकोनिटिन लावलं आणि पिशवीच्या मुळाशी चिमटा लावून ती वेगळी केली. पिशवी धडधडत राहिली, बाकीचा कप्पा शांत झाला. म्हणजे शेर्फ बरोबर? पण दुसऱ्या प्रकारे, व्हेगस मज्जातंतूला चेतवून फिब्रिलेशन घडवलं, तेव्हा उलटंच झालं. पिशवी गप्प, आणि कप्पा स्वतःच्या बळावर थरथरत राहिला. थोडक्यात, आग लावणारी ठिणगी एक आणि आग धुमसत ठेवणारं रान दुसरं. मो यांचा ‘अनेक लहरीं’चा सिद्धान्त यातूनच पुढे आला. (फ्लटर नावाच्या भावंड-आजारात लुईस यांची गोल फिरणारी लहरच बहुतांशी खरी ठरली. विज्ञानात असं होतं.)

माणसातली ठिणगी सापडायला 1998 उजाडलं. फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हाइसागेर यांनी 45 रुग्णांत ती शोधली, तर सुमारे 94 टक्के जागा फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांमध्ये निघाल्या. तुमचे डॉक्टर अ‍ॅब्लेशनमध्ये प्रामुख्याने याच शिरांभोवती डाग देऊन त्या विजेच्या दृष्टीने तोडतात. हल्ली काही ठिकाणी डाग देण्याऐवजी ती जागा गोठवतात. शेर्फ यांनी थंडाव्यानेच धडधड थांबवली होती, हे आठवून मला गंमत वाटते.

आता बचनाग वापरणाऱ्यांसाठी. वैद्य तो गोमूत्रात भिजवून किंवा दुधात शिजवून शुद्ध करतात. शिजवल्याने अ‍ॅकोनिटिनचं विघटन होतं आणि विषारीपणा बराच उतरतो, हे रसायनशास्त्रालाही मान्य आहे. त्रिभुवनकीर्तीसारख्या तापावरच्या औषधांत असा शुद्ध केलेला बचनाग असतो. कायद्याने तो विषारी द्रव्यांच्या यादीत आहे आणि अशी औषधं वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. माझा आक्षेप आहे तो सांधेदुखीसाठी कोणीतरी पुडीत बांधून दिलेल्या मुळीला. अ‍ॅकोनिटिन अवघं दोन मिलिग्रॅम पोटात गेलं तरी जीव जाऊ शकतो.

असं काही घेतल्यावर ओठ-जीभ बधिर झाली, मुंग्या आल्या, उलट्या झाल्या, धडधड किंवा चक्कर आली, तर घरी थांबू नका. या विषावर उतारा नाही. आयसीयूत मॉनिटर लावून लय सांभाळावी लागते, क्वचित हृदय-फुप्फुस यंत्राचाही आधार घ्यावा लागतो. जाताना ती पुडी सोबत न्या. ईसीजी पाहून डॉक्टरला बिघाड दिसेल, बचनागाचं नाव मात्र त्याला पुडीवरूनच कळेल.