कर्व्ह केलेला करमाळा

आमच्या करमाळ्यातून लग्नपत्रिका किंवा कमलाभवानीच्या यात्रेचं पत्रक बाहेर ऑफसेटला पाठवलं, की फोन येतोच, "साहेब, फाईल कर्व्ह करून पाठवा." नाहीतर 'करमाळा'च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी! शिव्या बसतात पीडीएफला. पण गोची त्याहून जुनी आहे.

१९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे सरकारी प्रमाण झालं, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. डीटीपीवाल्यांच्या पेजमेकरला मात्र दोन्ही कळत नव्हतं. त्याला ठाऊक २५६ खाने, तेही रोमनचे. मग आपल्या फॉन्टवाल्यांनी जुगाड केला (माझ्या मते झकास केला!) आणि त्याच खान्यांत काना, वेलांटी, अर्धी अक्षरं बसवली. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. म्हणजे फाईलमध्ये मराठी नाहीच, ती फॉन्टमध्ये!

१९९३ ला अ‍ॅडोबीची पीडीएफ आली. कुठंही उघडा, पान तेच... फक्त फॉन्ट आत हवा. नसला की दुसरा रोमन फॉन्ट त्याच्या जागी येतो. छपाईच्या पीडीएफसाठी २००१ साली आलेल्या पीडीएफ/एक्स-१ए या आयएसओ प्रमाणात तर फॉन्ट आत असणं सक्तीचं आहे.

कर्व्ह केलं की अक्षराचं चित्र होतं. छपाई फक्कड, पण त्यात 'करमाळा' शोधून सापडत नाही. गावोगावच्या स्मरणिका अशाच मुक्या पडल्यात. एक मी मूळ फाईलवरून युनिकोडमध्ये आणली. कन्व्हर्टरनं बरंच जमवलं, 'ळ' मात्र पानोपानी हातानं बसवला.