दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सची थरथर : दोष वाहनाचा की चालकाचा?

चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या एसयूव्ही गाड्यांमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मागणी वाढली आहे. या गाड्यांच्या मालकांकडून वारंवार येणारी तक्रार म्हणजे संथ गतीत जाणवणारी थरथर. तिचे मूळ अनेकदा गिअरबॉक्सच्या रचनेत असते.

रचना व कार्य

दुहेरी क्लच प्रकारात एक क्लच पहिला, तिसरा व पाचवा हे गिअर सांभाळतो, तर दुसरा क्लच दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स. एक गिअर चालू असतानाच पुढचा सज्ज ठेवला जात असल्याने गिअर झटपट बदलतो. चालकाला क्लचचे पेडल नसते; ते काम संगणकीय नियंत्रक करतो. ‘ओल्या’ प्रकारात क्लच तेलात फिरतो व तेल उष्णता वाहून नेते. ‘कोरड्या’ प्रकारात ते काम हवेवर सोपवलेले असते. त्यामुळे वाहतूक कोंडीत इंचाइंचाने सरकताना किंवा चोर्ला, अनमोडसारख्या घाटात अवजड वाहनामागे रेंगाळताना कोरडा क्लच सतत घसरत राहतो आणि तापतो.

लक्षणे

पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर, अॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर प्रतिसाद न मिळणे, गिअर बदलताना धक्का, चढावर गाडी मागे येणे आणि तापमानाचा इशारा ही प्रमुख लक्षणे होत. शाफ्टच्या सीलमधून गळलेले तेल क्लचच्या अस्तरावर पोहोचल्यास थरथर वाढते. नियंत्रकात बिघाड झाल्यास मात्र धावत्या गाडीची शक्ती अचानक जाऊ शकते. अशा वेळी गाडी पुढे चालवू नये.

ऑस्ट्रेलियातील निवाडा

फोर्डचा सहा गतींचा ‘पॉवरशिफ्ट’ गिअरबॉक्स हे याचे गाजलेले उदाहरण. फोकस व फिएस्टा या गाड्यांसह इकोस्पोर्ट या छोट्या एसयूव्हीतही तो बसवला गेला. 2013 मध्ये भारतात दाखल झालेल्या इकोस्पोर्टच्या पेट्रोल आवृत्तीलाही दुहेरी क्लचचा पर्याय होता. 2017 च्या सुधारित आवृत्तीत त्याऐवजी टॉर्क कन्व्हर्टर आला.

ऑस्ट्रेलियात थरथरीचे कारण गाडीच्या दर्जात आहे हे ठाऊक असूनही अनेक ग्राहकांना ‘तुमची चालवण्याची पद्धत चुकीची’ असे सांगण्यात आले. तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगाने दाखल केलेल्या दाव्यात कंपनीने अनुचित वर्तनाची कबुली दिली. एप्रिल 2018 मध्ये संघीय न्यायालयाने 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. जुन्या तक्रारींचा फेरविचार करण्याची हमीही कंपनीला द्यावी लागली. ‘चालकाचीच चूक’ हे उत्तर पुराव्याविना स्वीकारू नये, हा या प्रकरणाचा धडा आहे.

भारतातील ग्राहकाचा मार्ग

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये वाहनातील दोषाबद्दल दाद मागता येते. मोबदला म्हणून दिलेली रक्कम 50 लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षांची आहे. दोष तपासणीविना ठरवता येत नसेल, तर आयोग योग्य प्रयोगशाळेचा अहवाल मागवू शकतो. प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

तक्रारीचे बळ कागदपत्रांवर ठरते. सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर ‘सर्वसाधारण तपासणी’ असे मोघम न लिहिता लक्षण, वेग, गिअर व किलोमीटर नोंदवून घ्यावेत. दोष त्याच वेळी दिसत नसेल, तर तंत्रज्ञाला सोबत घेऊन गाडी चालवून दाखवावी. सॉफ्टवेअर बदलले वा क्लच बदलला, तर त्याची लेखी नोंद मागावी. वॉरंटी संपण्यापूर्वी ई-मेलने केलेली तक्रार पुढे मोलाची ठरते.

चालवताना

चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरू नये, ब्रेक वापरावा. कोंडीत पुढे थोडे अंतर पडू द्यावे आणि मग एकदाच गाडी पुढे न्यावी. या सवयींनी झीज कमी होते. मात्र गळका सील वा सदोष नियंत्रक त्यांनी दुरुस्त होत नाही. तो दुरुस्त करून मागण्याचा हक्क ग्राहकाचा आहे.