महर्षि कर्वे यांची झोळी

सार्वजनिक कार्याचा इतिहास सांगतांना संस्थांचीं नांवें घेतलीं जातात, संस्थापकांचे गुण गायिले जातात. परंतु त्या संस्थांची चूल कोणाच्या पैशानें पेटली, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. गणिताचा हा अध्यापक आयुष्यभर दुसऱ्यांसाठीं भिक्षा मागत राहिला, आणि दर खेपेस भिक्षेचें कारण निराळें होतें.

कर्व्यांचा जन्म १८५८ चा. बालपण गेलें कोंकणांतील मुरूड गांवीं. मुंबईस शिकून मिळवते झाल्यावर त्यांनीं बाहेरगांवीं राहणाऱ्या मुरूडकरांकडून वर्गणी जमविली आणि गांवच्या हितासाठीं 'मुरूड फंड' काढला. पुढें १८९३ सालीं त्यांनीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला, तेव्हां त्याच मुरूडनें त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गांवासाठीं हात पसरला, त्या गांवाचें दार असें बंद झालें.

१८९६ सालीं पुण्यास विधवांसाठीं अनाथ बालिकाश्रम निघाला. आरंभींच कर्व्यांनीं स्वतःजवळचे १,००० रुपये त्यांत घातले. दुसऱ्याच्या खिशाकडे पाहण्यापूर्वीं त्यांनीं आपला खिसा रिता केला. परंतु येथें एक कठीण पेंच उभा राहिला. पुनर्विवाहाच्या नांवानें दचकणारे कित्येक गृहस्थ विधवांच्या शिक्षणास मात्र चार पैसे द्यावयास तयार होते. आश्रम म्हणजे पुनर्विवाहाचेंच दुसरें नांव, असा ग्रह कायम राहता तर झोळी रिकामी राहिली असती. म्हणून ज्यांनीं स्वतः पुनर्विवाह घडवून दाखविला होता, तेच कर्वे त्या चळवळीपासून दूर झाले व आश्रमाचें कार्य त्यांनीं शिक्षणापुरतें मर्यादित ठेवलें. चळवळींतील सहकाऱ्यांस ही माघार वाटल्यास नवल नाहीं. पण आश्रमांतील मुलींस छप्पर मिळालें तें या माघारीमुळेंच.

रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं हिंगण्यास जमीन दिली व १९०० सालीं आश्रम तेथें गेला. फर्ग्युसन कॉलेजांतील तास आटोपून कर्वे चिखल तुडवीत हिंगण्यास पायीं जात. त्यांच्या पत्नीची बहीण पार्वतीबाई आठवले, स्वतः विधवा. त्या व्याख्यानें देत आश्रमासाठीं गांवोगांव फिरल्या. १९१८ सालीं त्या अमेरिकेस गेल्या व परक्या घरीं घरकाम करून तेथें राहिल्या.

१९१६ सालीं कर्व्यांनीं महिला विद्यापीठ काढलें, तेव्हां विद्यार्थिनी अवघ्या पांच होत्या. चार वर्षांनीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं १५ लाख रुपये देऊं केले, आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचें नांव मिळालें. ही देणगी प्रसिद्ध आहे. पण ती येईपर्यंतचीं चार वर्षें लहान वर्गणीदारांनीं काढलीं, हें विसरलें जातें. मोठा दाता चालत्या संस्थेकडे येतो. ती चालती ठेवतो तो लहान दाता. सत्तरी उलटल्यावर १९२९ पासून कर्वे युरोप, अमेरिका, जपान व पुढें आफ्रिका असे फिरले, आणि परदेशांतील हिंदी लोकांपुढेंही त्यांनीं विद्यापीठाची झोळी धरली.

इतकें झाल्यावर विश्रांति घेणें अनुचित नव्हतें. पण १९३६ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, त्यांनीं महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलें. ज्या लहान खेड्यांत शाळा नव्हती तेथें ती उघडावयाची होती. या कामांत नांव कोरण्याजोगी इमारत नव्हती, म्हणून लक्षाधीश दात्यास त्याचें आकर्षण नव्हतें. कर्वे पुन्हां दारोदार फिरले, आणि लहानसहान नाणींही त्यांनीं आनंदानें स्वीकारलीं. १९४४ सालीं जातिभेदाविरुद्ध समता संघ निघाला, तेव्हां ते ८६ वर्षांचे होते.

१९५१ सालीं महिला विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळाली, १९५८ सालीं कर्व्यांस भारतरत्न मिळालें, आणि १९६२ सालीं त्यांचें निधन झालें. विधवा, विद्यार्थिनी, खेड्यांतील मूल आणि जातिभेदानें गांजलेला मनुष्य, अशा चौघांसाठीं ही एकच झोळी फिरली. लोक ज्यास पैसा देतील तें कार्य आधीं उभें राहतें, आणि ज्यास देत नाहींत तें मागें पडतें. पुनर्विवाहाच्या चळवळीनें हें मूल्य भरलें. कर्व्यांस त्याची जाणीव नव्हती असें म्हणतां येत नाहीं. म्हणूनच कदाचित्, जेथें देणारे थोडे होते तेथेंही म्हातारपणीं ते पुन्हां पुन्हां गेले.