‘करू नये’ आणि ‘होत नाही’



१८९० च्या सुमाराचा एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. मुरबाडकडील एका खातेदाराला एकच मुलगा आहे. त्याचा चुलतभाऊ निपुत्रिक वारला. भावाच्या विधवेने दत्तक मागितला आणि खातेदाराने आपला एकुलता मुलगा विधिपूर्वक तिच्या ओटीत घातला. लगेच शहापूरकडील भाऊबंद उठले. ते म्हणू लागले, “एकुलता मुलगा देऊ नये असे शास्त्र आहे. सबब हे दत्तविधान झालेच नाही, भातखाचरे आमची!” प्रसंग मी कल्पिलेला आहे, वाद मात्र खरा आहे, आणि त्यावर त्या काळी अनेक घरांची भाकरी अवलंबून होती.

या भाऊबंदांच्या बोलण्यात जो ‘सबब’ आहे, त्याचाच आज आपल्याला विचार करावयाचा आहे. शाळेत शिकविले जाणारे तर्कशास्त्र ‘आहे’ आणि ‘नाही’ यांचे. परंतु संसारातील भांडणे बहुधा ‘मला वाटते’, ‘मला हवे’ आणि ‘केले पाहिजे’ या तीन बोलांवर चालतात. पाऊस पडेल असे मला वाटते, म्हणून तो पडतोच असे नाही. पुत्राने आईबापांस सांभाळले पाहिजे, म्हणून तो सांभाळतोच असेही नाही. तेव्हा ‘पाहिजे’पासून काय निष्पन्न होते व काय होत नाही, याचे काही नियम आहेत काय?

आहेत, आणि आपल्याकडे ते फार जुने आहेत. जैमिनीची पूर्वमीमांसा हे मुख्यतः ‘करावे’ आणि ‘करू नये’ यांचेच शास्त्र होय. आज्ञा म्हणजे विधी, मनाई म्हणजे निषेध, आणि स्तुतीचे किंवा निंदेचे वाक्य म्हणजे अर्थवाद, अशी विभागणी त्या शास्त्राने केली. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ लिहिला तो याच शास्त्राच्या आधाराने. पुढे इंग्रजी न्यायालयांनी गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे या ग्रंथास विशेष मान दिला. म्हणजे मीमांसकांचा तर्क शहापूर-मुरबाडच्या शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचला होता.

आता वादाकडे वळू. एकुलता पुत्र देऊ नये आणि घेऊही नये, कारण तो पूर्वजांचा वंश चालविण्यासाठी असतो, अशा आशयाचे वसिष्ठाचे वचन आहे. मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८८९ साली असे दत्तक अवैध ठरविले. विलायतेतील प्रिव्ही कौन्सिलने १८९९ साली ते वैध ठरविले. दहा वर्षांच्या अंतराने तोच मुलगा एकदा परका आणि एकदा वारस!

या चर्चेत एक युक्तिवाद असा पुढे आला की, ज्या वाक्यास कारण जोडलेले असते ते आज्ञा नसून केवळ उपदेश असते, असे जैमिनी सांगतो. येथे मात्र सावध राहिले पाहिजे. जैमिनीचे उदाहरण सुपाचे आहे. सुपाने होम करावा, कारण त्याने अन्न सिद्ध होते. मग अन्न तर पळीने आणि पातेल्यानेही सिद्ध होते; त्यांनीही होम चालेल काय? उत्तर ‘नाही’ असे आहे. जोडलेले कारण हा अर्थवाद. सुपाची आज्ञा जशीच्या तशी उभी राहते. कारण सांगितल्याने आज्ञा दुबळी होते, असे तेथे मुळीच म्हटलेले नाही.

मग तो मुलगा वाचतो कशाने? मीमांसकांनी आणखी एक भेद केला आहे. काही नियम कर्माचे अंग असतात. ते मोडले तर कर्मच बिघडते. काही नियम मनुष्यासाठी असतात. ते मोडले तर मनुष्य दोषी होतो, पण कर्म होऊन जाते. द्रव्य मिळविण्याचे नियम दुसऱ्या प्रकारचे आहेत, असा निवाडा मिताक्षरेने स्वीकारला आहे. तेव्हा त्या भाऊबंदांस विचारावयाचा प्रश्न एवढाच: तुमचे ‘करू नये’ बापाला बांधते, की दत्तविधानाला? बापाला बांधत असेल, तर दोष बापाचा. मुलाची खाचरे का जावीत? दत्तविधानाला बांधते असे म्हणाल, तर ते वेगळे सिद्ध करा. नुसता ‘सबब’ पुरणार नाही.

युरोपात हा विषय चिन्हांच्या भाषेत बराच उशिरा आला. फिनलंडचे तत्त्वज्ञ फॉन व्रिग्ट यांनी १९५१ साली कर्तव्याचे तर्कशास्त्र मांडले. जे न करण्याची मुभा नाही ते कर्तव्य, हे त्यातील एक मूळ सूत्र. त्यांचेच देशबंधू हिंटिक्का यांनी १९६२ साली ज्ञान आणि समजूत यांचे तर्कशास्त्र लिहिले, आणि १९६३ साली फॉन व्रिग्ट यांनी आवडीनिवडीचेही लिहिले. २०१५ साली तर व्हिएन्नातील संशोधकांनी आपल्या मीमांसेचेच नियम चिन्हांत बसवून दाखविले.

१९५६ च्या कायद्याने तो जुना वाद मिटला; त्यात एकुलता मुलगा देण्यास मनाई नाही. परंतु ‘सबब’ मिटलेला नाही. घरात कोणी न विचारता लग्न केले की आपण म्हणतो, “असे करावयास नको होते, आम्ही हे लग्न मानीत नाही.” पहिले वाक्य कदाचित खरे असेल. दुसरे त्यातून निघत नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. पण या दोन वाक्यांमध्ये थोडे थांबावे, एवढे आयुष्यभर मुलांना सांगत आलो, तेच आज आपल्यालाही सांगतो.