शमा कोणापुढे ठेवायची?

जुन्या दिल्लीच्या मुशायऱ्यात कवीचे नाव पुकारण्याची फारशी गरज नसे. बैठकीत शमा, म्हणजे मेणबत्ती, फिरत असे. ती ज्याच्यापुढे येऊन स्थिरावे त्याने आपली गझल म्हणावी. ती उचलली गेली की त्याची पाळी संपली. तरुणांपासून आरंभ होई आणि शमा हळूहळू बुजुर्ग उस्तादांकडे सरके. आज ज्याला आपण निवेदक किंवा सूत्रसंचालक म्हणतो त्याचे सारे काम ही मुकी ज्योत करीत होती. कोण बोलणार, कोणाच्या मागून बोलणार आणि कोठे थांबणार, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर तिच्या हालचालीत होते.

अशा एका मैफलीचे चित्र मिर्झा फरहतुल्ला बेग यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रेखाटले. ‘दिल्ली की आखिरी शमा’ या नावाने ते आज ओळखले जाते. बेगांनी वर्णिलेला १८४५ सालचा मुशायरा कल्पित आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. परंतु ती कल्पना अगदीच निराधार नव्हे. मूळचे पानिपतचे मौलवी करीमुद्दीन त्या काळी दिल्लीत छापखाना चालवीत होते. त्यांनी खरोखरच मुशायरे भरविले आणि उर्दू कवींची चरित्रे संकलित केली. बेगांनी आपली कथा त्यांच्याच तोंडी घातली आहे. पानिपत म्हटले की मराठी मनाला दुसरेच काही आठवते. त्या गावाने दिल्लीच्या कवींना त्यांचा इतिहासकारही दिला, एवढे या निमित्ताने लक्षात ठेवावे.

या मैफलीत जौक, गालिब, मोमीन यांच्यासारखे कवी एकत्र आले आहेत. बादशहा बहादूरशहा जफर स्वतः येत नाही, त्याची गझल तेवढी येते आणि तीच आधी वाचली जाते. बैठकीची सूत्रे शाहजादा मिर्झा फखरू यांच्याकडे आहेत. चोबदारांनी शमा कोणापुढे न्यावी हे तेच ठरवितात, आणि या कामाची अवघड बाजू येथेच दिसते. उस्तादांचे शिष्यगण एकमेकांवर डोळा ठेवून बसलेले; एकाच्या आधी दुसऱ्यापुढे शमा गेली, तर तो केवळ क्रम राहत नाही, तो निवाडा ठरतो. म्हणून सूत्रे धरणाऱ्याला काव्याची जाण जितकी हवी, तितकीच माणसांची हवी. शिवाय कोणावर अन्याय झाला तरी त्याला खुलासा करण्याची सोय नाही, कारण त्याची भाषा शमेची, म्हणजे मौनाची.

हे मौन परवडत होते याचे एक कारण गझलेच्या रचनेतच आहे. शेवटच्या शेरात, मक्त्यात, कवी बहुधा आपले टोपणनाव गुंफतो. आपल्या संतांच्या अभंगांतील नाममुद्रेचीच ही बहीण म्हणावी. जी कविता आपल्या कर्त्याचे नाव स्वतःच सांगून संपते, तिला दुसऱ्याने ओळख करून देण्याचे प्रयोजन काय? पुढे ही मुद्रा कवितेतून गळाली. मराठीत ती गळाली, उर्दूच्या नव्या नज्मेतही गळाली. आणि कवितेबाहेर उभे राहून नाव सांगणाऱ्या माणसाची जागा त्या प्रमाणात वाढली, असे मला वाटते.

याच सुमारास दक्षिणेकडे काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्या खेळात सूत्रधार आरंभी येऊन निघून जात नसे. तो अखेरपर्यंत रंगभूमीवर असे. आख्यानाची पदे तो गाई आणि त्या आधारावर पात्रे आपली भाषणे ऐन वेळी रचीत. म्हणजे दिल्लीत सूत्रे हलविणारी शमा मुकी होती, त्या वेळी सांगलीत ती हलविणारा अखंड बोलत होता. पुढे दोघांनीही उलट दिशा धरली. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त पदे पात्रांच्या तोंडी गेली आणि सूत्रधार आरंभापुरता उरला. दिल्लीत मात्र शमेला वाचा फुटली.

ती सहजासहजी फुटली नाही. मोमीन १८५२ मध्ये आणि जौक १८५४ मध्ये वारले. मिर्झा फखरू १८५६ मध्ये गेले. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी शहर परत घेतले तेव्हा इमामबख्श सहबाई गोळीला बळी पडले, शेफ्तांना कैद झाली आणि बादशहाची रवानगी रंगूनला झाली. गालिब १८६९ पर्यंत जगले. पण ज्या दरबारामुळे शमेच्या फिरण्याला अर्थ होता तो दरबार उरला नव्हता. क्रम ठरविण्याचा अधिकार जन्माने ज्याच्याकडे होता तो गेल्यावर, तो अधिकार कोणाला तरी आपल्या गुणांवर मिळवावा लागला.

विसाव्या शतकात मुशायरा हवेलीतून मैदानात आला. हजारो श्रोत्यांना मेणबत्ती कोठून दिसणार? ध्वनिक्षेपक आला आणि त्याच्यामागे ‘नाजिम’ उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर लाल किल्ल्यात प्रजासत्ताक दिनानिमित्त मुशायरे आणि हिंदी कविसंमेलने भरू लागली, तेव्हा ही भूमिका पूर्णत्वास पोहोचली. कुंवर महेंद्रसिंह बेदी ‘सहर’ हे तिचे दिल्लीतील एक नामांकित मानकरी. पेशाने दंडाधिकारी, स्वभावाने विनोदी आणि स्वतः कवी. गलबला करणाऱ्या समुदायाला एका वाक्यात हसवून पुढच्याच वाक्यात शांत करणे ही विद्या न्यायासनावर शिकता येते की नाही, हे सांगणे कठीण. पण तिचा उपयोग दोन्हीकडे होत असला पाहिजे. याच दिल्लीत १९५२ ते १९५६ पर्यंत लोकसभेचे पहिले अध्यक्ष असलेले गणेश वासुदेव मावळंकर हे मराठी कुळातले. त्यांच्या पदाला इंग्रजीत ‘स्पीकर’ म्हणतात, आणि काम मात्र स्वतः बोलण्याचे नव्हे, इतरांना बोलू देण्याचे!

आमच्या साहित्य संमेलनांनी मुशायऱ्याचा क्रम अगदी उलटा केला आहे. १९५४ मध्ये दिल्लीला संमेलन भरले तेव्हा काकासाहेब गाडगीळ स्वागताध्यक्ष, पंडित नेहरू उद्घाटक आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष होते. २०२५ च्या फेब्रुवारीत संमेलन पुन्हा दिल्लीला आले. तारा भवाळकर अध्यक्ष होत्या आणि उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. सत्तर वर्षांत पुष्कळ बदलले, परंतु थोरांनी प्रथम बोलावे हा शिरस्ता टिकला. मुशायऱ्यात थोरांना शेवटपर्यंत बसून लहानांचे ऐकावे लागे. आमच्याकडे थोर मंडळी बोलून उठतात, आणि नवा कवी पुष्कळदा उशिरा, पेंगुळलेल्या मंडपापुढे उभा राहतो. यात दोष निवेदकाचा नाही. त्याच्या हाती क्रमच दिलेला नसतो.

नभोवाणीने निवेदकाला आणखी एका कसोटीला लावले. दिल्ली केंद्र १ जानेवारी १९३६ रोजी सुरू झाले. येथे श्रोता दिसत नाही, दाद ऐकू येत नाही आणि हाताची खूणही चालत नाही. ३१ जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची अंत्ययात्रा बिर्ला भवनापासून यमुनेच्या काठी गेली, तेव्हा मेलव्हिल डिमेलो यांनी सुमारे सात तास तिचे वर्णन देशाला ऐकविले. त्यांना कोणाला पुकारायचे नव्हते. जे दिसत होते तेवढे सांगायचे, आणि लोकांचा आक्रोश ऐकू येत असेल तेथे बाजूला व्हायचे, हाच अशा निवेदनाचा धर्म.

कवितेपुरते बोलायचे तर आकाशवाणीचे सर्वभाषा कविसंमेलन हा जुन्या मैफलीचा खरा वारस म्हणावा लागेल. १९५६ मध्ये सुरू झालेले हे संमेलन प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वरात्री देशभर ऐकविले जाते. प्रथम कवी आपल्या भाषेत कविता वाचतो, मग तिचे हिंदी रूपांतर होते. येथे दाद देणारा समुदाय कवीची भाषा जाणत असेलच असे नाही. मराठी कवीच्या आधी निवेदकाला दोन-तीनच वाक्ये मिळतात: भाषेचे नाव, कवीचे नाव, अनुवादकाचे नाव, फार तर कवितेच्या विषयाचा एखादा शब्द. त्याने अधिक सांगितले तर कवितेचा अर्थ कवीच्या आधी फुटतो. कमी सांगितले तर मूळ कविता नुसता नाद होऊन जाते. रत्नागिरीच्या घरात बसलेला श्रोता त्या रात्री काश्मिरी कविता ऐकतो, तेव्हा मिनिटभर त्याला एकही शब्द कळत नाही. तरीही तो बटण फिरवीत नाही. मघाशी कोणी तरी हलकेच सांगितलेले असते की ही कविता बर्फाविषयी आहे.